उंबऱ्यात दोघी हव्यातच

नलूताई बक्षींना काही सांगायचं म्हणजे ते दोनदा व्हायचं. एकदा आपण सांगायचं आणि एकदा त्यांनी ते आपल्याला परत म्हणून दाखवायचं. "फ्रीगंजच्या पुलावरून यायचं, खालून नाही. चक्कीपाशी डावीकडे. निळं दार. बरोबर?" आपण "बरोबर" म्हटलं की मगच त्या पाऊल उचलायच्या. आणि उलटं, त्यांनी आपल्याला काही सांगितलं तर ते आपल्याला म्हणून दाखवावं लागायचं. दूधवाल्याचीसुद्धा सुटका नव्हती.

"भैया, कल आधा लीटर ज्यादा. अब तुम बोलो."

तो म्हातारा किटली खाली ठेवून, हात जोडून म्हणायचा, "दीदी, कल आधा लीटर ज्यादा."

"शाबाश."

आमच्या उज्जैनच्या माधव नगरच्या गल्लीत नवी सून आली की तिला वाटायचं, ही बाई शाळेत मास्तरीण असणार. मास्तरीण कुठली! नलूताई विमानं सांभाळायच्या. इंदूरच्या विमानतळावर तो काचेचा मनोरा असतो ना, त्यात बसून वैमानिकांना सांगायचं की आता निघा, आता थांबा, आता उतरा. वैमानिकानं ऐकलेलं प्रत्येक वाक्य परत म्हणून दाखवायचं असा त्या कामाचा नियमच असतो. एक आकडा चुकीचा ऐकला तर काय होईल, विचार करा. सगळा जन्म त्यात गेला, म्हणून घरीदारी तीच सवय.

आधी बरीच वर्षं त्या मुंबईत होत्या. वडील गेले, आई उज्जैनला एकटी राहिली, तेव्हा बदली मागून इकडे आल्या. इंदूरला जायला रोज सकाळी देवास गेटच्या स्टँडवरून बस. उंच, सडपातळ, सुती साडी, पायात पुरुषांसारखे बूट, आणि चाल अशी की शेजारी चालणाऱ्यानं पळावं. लग्न केलं नव्हतं. ह्यावर गल्लीत काय काय बोलणं व्हायचं ते मी सांगत बसत नाही, कारण सगळ्यात जास्त त्यांच्या आईच बोलायच्या. माई. कानानं कमी, जिभेनं भरपूर.

"आकाशातल्या सगळ्यांना उतरवते," माई मला म्हणायच्या, लेकीसमोरच. "हिलाच काय ते कुठे उतरता आलं नाही."

"तुझ्याकडे उतरले की, माई," नलूताई मोठ्यानं ओरडून सांगायच्या.

"हो, आणि दूध उतू गेलं!"

ते मात्र खरं होतं. इंदूरच्या आकाशातलं सगळं कळणाऱ्या ह्या बाईला गॅसवरचं दूध कधीच कळलं नाही.

गर्दी पाहिली की नलूताई वेगळ्याच व्हायच्या. आपण घाबरतो किंवा घुसतो. त्या उभ्या राहून बघायच्या. एकदा कार्तिकी पौर्णिमेला आम्ही बायका दिवे सोडायला राम घाटावर चाललो होतो. घाटावर उतरणारी गल्ली अरुंद, खालून लोक वर येतायत, वरून लोक खाली रेटतायत, मधे कोणाचीच हालचाल नाही. नलूताईंनी सरळ गल्लीच्या तोंडाशी दोन्ही हात पसरले आणि आमच्यासकट मागच्या सगळ्यांना थोपवलं. "आधी खालचे वर येऊ देत. रुकिए भाईसाहब, रुकिए." लोक थांबले! का थांबले देव जाणे. त्या आवाजात काहीतरी होतं. खालचे भराभर वर आले, वाट मोकळी झाली, आणि मग आम्ही रमतगमत खाली गेलो. छत्रीखाली बसलेले एक पंडितजी हे सगळं बघत होते. म्हणाले, "बहनजी, पुलिस में हो क्या?"

"नहीं पंडितजी, ऊपरवालों का काम देखती हूँ."

पंडितजींनी हात जोडले. आम्ही पदर तोंडाला लावून हसत सुटलो.

आता मुख्य गोष्टीकडे येते. देशाचे दरवाजे उघडले म्हणत होते ती वर्षं. फ्रीगंजच्या दुकानांत परदेशी साबण दिसायला लागले, टीव्हीवर चॅनेलं वाढली, आणि आकाशात खासगी कंपन्यांची विमानं आली. प्रत्येक कंपनीला मुंबईला सकाळीच पोचायचं होतं, कारण व्यापाऱ्यांना सकाळीच पोचायचं होतं. मुंबईची धावपट्टी मात्र होती तेवढीच. नलूताई काही दिवस मुंबईला कामासाठी जाऊन आल्या त्या गप्प गप्पच होऊन. माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून म्हणाल्या, "वहिनी, वर विमानं घिरट्या घालतायत. एकावर एक थर लावून. पोचतात वेळेवर आणि मग अर्धा अर्धा तास फिरतात. तेल जाळत. खाली बसलेल्या आमच्या पोरांच्या कपाळावर घाम. एक दिवस कोणाचा तरी आकडा चुकेल."

"मग काय करायचं?"

"निघूच द्यायचं नाही."

मी पोळी लाटायची थांबले.

"खरंच. मुंबईत जागा आहे की नाही ते आधी विचारायचं. नसेल तर विमान इथेच, इंदूरला जमिनीवर उभं ठेवायचं, इंजिन बंद करून. भोपाळचं भोपाळला, नागपूरचं नागपूरला. जमिनीवर थांबायला तेल लागत नाही आणि जमिनीवरून कोणी पडत नाही."

मला वाटलं, इतकी साधी गोष्ट कोणाला कशी सुचली नसेल? तर सुचली होती म्हणे, परदेशात असं करतातही, पण आपल्याकडे कोणत्या गावचं विमान किती थांबवायचं, ह्याचा हिशेब कोणी बसवला नव्हता. आणि दिल्लीला तर कुणा परदेशी कंपनीचं तयार यंत्रच विकत घ्यायचं घाटत होतं. नलूताईंनी आपली योजना पाठवली तेव्हा वरून उत्तर आलं की कल्पना चांगली आहे, पण ती चालते हे दाखवा.

झालं. नलूताई पेटल्या. फ्रीगंजला तेव्हा नवीनच कॉम्प्युटर क्लास निघाला होता, रंगीत पाटी, बाहेर चपलांचा ढीग, कारण आत पायताण घालून जायला बंदी. तिथे त्या सुट्टीच्या दिवशी मशीन भाड्यानं घ्यायच्या. खोटी विमानं खोट्या आकाशात सोडायच्या आणि ती मुंबईला कशी पोचतात ते बघायच्या. मी एकदा डबा घेऊन गेले होते. काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके सरकत होते. मला काही कळलं नाही, पण नलूताईंचा चेहरा कळला.

"जमतंय?"

"कॉम्प्युटरमध्ये सगळं जमतं, वहिनी. इथे प्रत्येक जण सांगितलेल्या वेळी निघतो. तेच खोटं आहे. माणसं अशी निघत नाहीत."

"मग माणसं घ्या," मी म्हटलं. अगदी सहज हं. आणि त्यांनी ते उचललंच.

आमच्याकडे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, पण इकडच्या आम्ही मराठी बायका सगळं शेवटच्या दिवसावर ढकलणाऱ्या. त्यामुळे रथसप्तमीला एकाच संध्याकाळी घराघरांतून आमंत्रणं. एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे. आणि शेवटी सगळ्यांची धाव सरवटेकाकूंकडे, कारण त्या वाण छान देत. स्टीलची डबी, एकदा तर छोटी कढई! पण काकूंचा हट्ट असा की प्रत्येकीला स्वतःच्या हातानं हळदकुंकू लावायचं, ओटी भरायची, चार शब्द बोलायचे. एका वेळी एकच बाई. त्यामुळे दरवर्षी अंगणापासून रस्त्यापर्यंत बायका ताटकळत उभ्या, कडेवर पोरं, थंडीनं कुडकुडत.

नलूताई म्हणाल्या, "हे मुंबई विमानतळ आहे."

त्या वर्षी त्यांनी आमच्या बायकांच्या मंडळातल्या प्रत्येकीला काकूंकडची वेळ ठरवून दिली. ती वेळ होईपर्यंत आधीच्या घरी बसायचं, गप्पा मारायच्या, काकूंच्या अंगणात जायचं नाही. अर्थातच प्रत्येकीकडून ते म्हणवून घेतलं. "मी भागवतवहिनींकडे बसेन आणि पावणेसातला निघेन." "शाबाश."

आणि खरंच सांगते, पहिला तासभर जादूच झाली. एक बाई बाहेर पडते, दुसरी फाटकातून येते. कोणी उभं नाही, कोणी कुरकुरत नाही. रागावल्या त्या एकट्या सरवटेकाकू. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "अगं, दरवर्षी माझ्या दारात ही रांग असते. आज अंगण कसं रिकामं! समोरच्या काय म्हणतील, ह्यांच्याकडे कोणी येतच नाही?"

आणि मग सगळं बिघडलं. बिघडवलं कुणी, तर भागवतवहिनींनी. आता भागवतवहिनी म्हणजे आग्रहाचा पुतळा. त्यांच्याकडून कोणी पटकन निघालंय असं झालेलं नाही. "अगं मसाला दूध तरी!" "अगं ही एक वडी!" "बस गं, सरवटेकाकू काय पळून जातायत?" आणि आग्रह मोडून उठणं आमच्यात कुठे बसतं? पावणेसातची बाई उठली नाही. तिच्यानंतरची उठली नाही. इकडे सरवटेकाकू करंगळीच्या शेजारच्या बोटाला कुंकू लावून पाटावर बसलेल्या, समोर कोणी नाही. बोटावरचं कुंकू वाळलं. आणि मग एकदम आठ जणी दाणदाण अंगणात! झाली तीच गर्दी, तीच रेटारेटी, आणि वर काकूंचा वाया गेलेला वेळ.

मला वाटलं, नलूताई रडणार. त्या गल्लीच्या मध्यावर उभ्या होत्या, दोन्ही घरांची दारं दिसतील अशा जागी. मी जवळ गेले तर बाई हसतायत! टाळी वाजवून म्हणाल्या, "मिळालं! वहिनी, मिळालं! हेच कॉम्प्युटरला माहीत नव्हतं."

"काय? भागवतवहिनी?"

"आग्रह! इंदूरलाही कोणाचा तरी आग्रह होणारच. कोणाची बॅग हरवेल, कोणाचा टायर बदलायचा असेल. विमान ठरल्या वेळी निघणार नाहीच. मग रांग पार संपवून टाकली, की मुंबईची धावपट्टी काकूंसारखी बोटाला कुंकू लावून बसते. रांग मोडायची, पण संपवायची नाही. उंबऱ्यात दोघी हव्यातच."

आणि त्याच संध्याकाळी, तिथल्या तिथे, त्यांनी डाव बदलला. काकूंच्या उंबऱ्यात नेहमी दोघी उभ्या राहतील, बाकीच्या आधीच्या घरी. आतली बाहेर आली की उंबऱ्यातली एक आत, आणि मागून एकीला निरोप. एखादी वडी खात अडकली तर अडकू दे, दुसरी उभी आहेच. उरलेलं सगळं हळदीकुंकू लोण्यासारखं पार पडलं. काकूही खूश, कारण दारात कोणीतरी दिसत होतं! भागवतवहिनींनी मात्र पुढे कित्येक वर्षं सगळ्यांना सांगितलं की विमानाचा शोध त्यांच्या मसाला दुधामुळे लागला.

नलूताईंनी मग तो आग्रह कॉम्प्युटरमध्ये घातला. म्हणजे काही विमानं मुद्दाम उशिरा निघतील असं केलं आणि मुंबईच्या वर किती विमानं फिरत ठेवायची ते शोधत बसल्या. हिवाळा सरला, उन्हाळा लागला. क्लासमध्ये पंखा एकच, तो मशीनवर, माणसांवर नाही. आणि मग दिल्लीहून बोलावणं आलं, समोर येऊन सांगा म्हणून.

जाताना माईंच्या पाया पडल्या. माई म्हणाल्या, "मोठ्यानं बोल. ते सगळे माझ्यासारखेच असतील, ऐकू न येणारे."

तिथे काय झालं ते त्यांनी परत आल्यावर आमच्या ओसरीवर पायऱ्यांवर बसून साभिनय सांगितलं. लांब टेबल, पलीकडे मोठे साहेब. सगळ्यात मोठ्या साहेबांनी नेमका तोच प्रश्न विचारला. "मॅडम, आपने जहाज नीचे रोक लिया, और वो लेट हो गया. तो मेरा रनवे खाली बैठेगा?"

"नहीं सर. कुछ जहाज ऊपर रहेंगे. बस दहलीज पर. बाकी सब घर पर." दहलीज म्हणजे आपला उंबरा.

"ये दहलीज वाली बात कहाँ से आई?"

नलूताई म्हणाल्या, "वहिनी, मी एक क्षण विचार केला. खोटं बोलावं का? मग म्हटलं, जाऊ दे. 'सर, पहले हल्दी-कुंकू से, फिर कम्प्यूटर से.' मग एक साहेब हसले. मग सगळेच हसले. मला वाटलं, संपलं. पण हसून झाल्यावर मोठे साहेब खुर्ची पुढे ओढून म्हणाले, 'अब ठीक से समझाइए. हल्दी-कुंकू भी.' आणि दुपारचं जेवण टळलं तरी उठले नाहीत."

शेवटी ठरलं असं, की काही दिवस सकाळच्या वेळी, मोजक्या गावांहून मुंबईला जाणाऱ्या विमानांवर हा प्रयोग करायचा. इंदूर त्यातलं एक. घिरट्या कमी झाल्या तर पद्धत पुढे न्यायची. नाही झाल्या तर प्रकरण कायमचं बंद, आणि परदेशी यंत्र येईल ते येईल. नलूताईंना निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती. दुसरी संधी नाही हे त्यांनाही माहीत होतं, आम्हालाही.

आता ह्यात मी कुठे आले? मला लेकाकडे मुंबईला जायचं होतं, रेल्वेचं रिझर्वेशन झालेलं. नलूताई म्हणाल्या, "ते कॅन्सल करा. पहिल्या दिवशीच्या विमानानं जा. मला आत माझं माणूस हवं."

आमचे हे बँकेचे पेपर खाली ठेवून म्हणाले, "हिला? ही झोपाळ्यावर बसली की हिला चक्कर येते!"

"भावजी, मी त्यांना चक्कर मारूच देणार नाही," नलूताई म्हणाल्या, आणि मला शिकवायला बसल्या. खिडकीची जागा, डावीकडची. सकाळचं ऊन तुमच्या मांडीवर येईल. मुंबई जवळ आली की उन्हाकडे बघा. ऊन तुमच्या मांडीवरून उठून पलीकडच्या खिडकीत गेलं आणि फिरून पुन्हा तुमच्याकडे आलं, तर समजा एक घिरटी झाली. फिरून आलं नाही, तर सरळ उतरलात. "आता म्हणा बघू." मी म्हटलं. "शाबाश."

तर मी विमानात बसले. पट्टा हवाईसुंदरीनं बांधला, मला तो जमेना. सगळे बसले, दार मात्र उघडंच, इंजिन बंद. वेळ होऊन गेली तरी हालचाल नाही. आतमध्ये उकडायला लागलं. माझ्या शेजारी फ्रीगंजचे एक कापडाचे व्यापारी, सफारी सूट, हातात ब्रीफकेस. त्यांचा पारा चढला. "ये क्या तमाशा है? आसमान तो खाली पड़ा है!"

मागून आणखी आवाज आले. कोणी म्हणालं, खासगी कंपनीचं असंच. कोणी म्हणालं, पायलट झोपला असेल. मला राहवेना.

"भाईसाहब," मी म्हटलं, "यहाँ खाली है, वहाँ भरा हुआ है. वहाँ जगह होगी तब छोड़ेंगे."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. नऊवार नव्हती, पण नथ होती. "आपको कैसे मालूम?"

"हमारे घर का मामला है," मी म्हटलं.

तेवढ्यात कॅप्टनचा आवाज आला, मुंबईला गर्दी आहे, म्हणून आपल्याला इथेच थांबवलंय, तिथे मात्र सरळ उतरायला मिळेल. व्यापारी महाशय माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी ब्रीफकेस उघडून मला शेव दिली.

विमान उडालं तेव्हा मी डोळे मिटले होते, तो भाग मला सांगता येणार नाही. पण नंतर ऊन मांडीवर आलं. जरीकाठावर, बोटांवर, अगदी सांगितल्यासारखं. मी सगळा वेळ मांडीकडेच बघत बसले, लोक ढग बघत होते. मुंबई आली असं सांगितलं. कान दुखायला लागले. विमान कललं, ऊन माझ्या मांडीवरून उठलं. आता ते पलीकडे जाणार, आता फिरून येणार. मी महाकाळाचं नाव घेतलं. ऊन मागे सरकलं, शेपटीकडे गेलं, आणि तिथेच राहिलं. फिरून आलं नाही. खाली झोपड्यांची पत्र्याची छपरं चमकली, धक्का बसला, आणि आम्ही जमिनीवर धावत होतो.

व्यापाऱ्यानं घड्याळ बघितलं. "अरे! रोज तो आधा घंटा घुमाते हैं ऊपर. आज सीधे उतार दिया!"

"घुमाया ही नहीं," मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका मोठा निघाला की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

बाहेर लेक उभा होता. त्याला म्हटलं, आधी एसटीडी बूथ दाखव. घरी फोन लावला. ह्यांनी उचलला आणि "थांब" म्हणून लगेच दुसऱ्याच कोणाच्या हातात दिला. माई! सकाळपासून फोनजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या म्हणे, औषधही तिथेच घेतलं.

"उतरलीस का?" माई ओरडल्या.

"उतरले!"

"फिरवलं का?"

"नाही माई! सरळ! एकदासुद्धा नाही!"

मला वाटलं, ऐकू आलं नाही, पुन्हा ओरडणार, तेवढ्यात माई म्हणाल्या, अगदी हळू, "सरळ उतरवलं माझ्या पोरीनं. बरोबर?"

"बरोबर, माई."

त्या दिवशी नागपूरचं विमानही सरळ उतरलं, भोपाळचंही. मुंबईच्या वर मोजकी विमानं राहिली, बस, उंबऱ्यात असावीत तेवढीच. प्रयोगाचे बाकीचे दिवसही तसेच गेले. पुढे ते परदेशी यंत्र आलंच, पण त्याच्या पोटात नलूताईंची पद्धत घालावी लागली, आणि ती घालायला त्यांनाच दिल्लीला नेलं. माईंना बरोबर घेऊन गेल्या. इथून जाताना गल्लीतल्या बायकांनी ओटी भरली तेव्हा सगळ्यांत पुढे भागवतवहिनी. "माझ्या दुधाचं नाव सांगा हो तिकडे." नलूताईंनी ते म्हणूनही दाखवलं, "मसाला दूध, भागवतवहिनी, माधव नगर. बरोबर?"

एक सांगायचं राहिलंच. विमान इंदूरला उभं होतं आणि व्यापारी तणतणत होते, तेव्हा मी त्या छोट्या गोल खिडकीतून मनोऱ्याकडे बघत होते. काचेमागे उंच आकृती स्वच्छ दिसत होती. नलूताई उभ्या. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातानं कानाशी फोन. खाली जमिनीवरचे कामगार मान वर करून त्यांच्याकडे बघतायत, आत सगळं विमान चिडलंय, वर आकाश निळंशार, मोकळं. दुसऱ्या कोणीही "जा" म्हटलं असतं. त्या हलल्या नाहीत. माझ्याकडे तर पाहिलंच नाही. त्यांचं लक्ष त्या मोकळ्या आकाशाच्या पार पलीकडे, मुंबईच्या दारात होतं. मग त्यांनी काहीतरी ऐकलं, मान हलवली, ऐकलेलं परत म्हणून दाखवलं असणार, कप खाली ठेवला, माइककडे वाकल्या, आणि माझ्या खिडकीबाहेरचं इंजिन सुरू झालं.